पोटातलं पाणी

चांगल्या गाडीचं वर्णन करायला आपल्याकडे एक वाक्य पुरतं: पोटातलं पाणी हलत नाही. रंग, इंजिन, किंमत वगैरे सगळं त्यानंतर. नोकरीची तीस वर्षं मी वाहनांच्या चाचण्यांत घालवली आणि त्याच अर्थाची वाक्यं अवजड इंग्रजीत लिहून अहवाल भरले. पण या वाक्यातल्या पाण्याचा शब्दशः अर्थ मला कळला तो निवृत्तीनंतर, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, एका ट्रकथांब्यावर.

मुलाने आणि सूनबाईंनी हौसेने मोटरहोम भाड्याने घेतली होती. सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोनला जायचं, चार दिवस गाडीतच राहायचं. तीस फुटी गाडी, फोर्डचा ई-४५० सांगाडा, त्यावर बांधलेलं घर. मधे ओटा आणि फ्रिज, बाजूला न्हाणी, ड्रायव्हरच्या डोक्यावर नातवंडांना झोपायला माळा आणि अगदी मागे आमच्यासाठी पलंग. भाड्याने देणाऱ्याने पाण्याची टाकी काठोकाठ भरली, सहाही टायरांत दर चौरस इंचाला ८० पौंड हवा ठोकली आणि आता निर्धास्त जा म्हणाला.

शंभर मैलांत भांडी बोलायला लागली. कपाटांची दारं आपटत होती, सुकाणू हातात हलकं लागत होतं, शेजारून ट्रक गेला की गाडी आधी त्याच्यापासून दूर आणि मग त्याच्याकडे सरकायची. कंबर धरली म्हणून सौ. मागच्या पलंगावर आडवी झाली होती. ती अर्ध्या तासात उठून पुढे आली आणि म्हणाली, "अहो, ही एसटीची शेवटची सीट आहे."

तीस वर्षांच्या अहवालांत इतकं नेमकं निदान मी एकदाही लिहिलं नव्हतं. एसटीच्या मागच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरला आहे, तो सस्पेन्शनचा अर्धा अभ्यासक्रम शिकून उतरलेला असतो. मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारा गाडीचा भाग म्हणजे तरफेचा दांडा. चाक चार बोटं उचललं गेलं की टोकाचा माणूस वीतभर उडतो. एसटीत त्या जागी कॉलेजची पोरं बसतात आणि त्यांना मजा येते. मोटरहोमवाले तिथे पलंग ठेवतात.

मोटरहोमचा प्रवास आरामाचा कसा करावा यावर अमेरिकेत आणि युरोपात न संपणारी चर्चा चालते. तिचा सूर बहुतेक एकच: कुठले शॉकअप घेतले, स्प्रिंगांच्या मदतीला हवेचे बलून बसवले का, जाड स्टॅबिलायझर टाकला का, टायरची हवा किती उतरवली. माझं म्हणणं असं की ही सगळी चर्चा उलट्या टोकाने सुरू होते. आराम हा पहिल्यांदा वजनाचा प्रश्न आहे, मग हवेचा, आणि सर्वांत शेवटी स्प्रिंगांचा. लोक उलटे जातात, कारण स्प्रिंगा दुकानात मिळतात. स्वतःच्या गाडीच्या वजनाचं ज्ञान कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्यासाठी काट्यावर जावं लागतं, आणि काटा मनासारखं बोलेलच असं नाही.

आधी आराम म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत याला "राइड" हा एक शब्द लावून मोकळं होता येतं. मराठी या बाबतीत जास्त शास्त्रीय आहे. गचका, दणका, हिसका, थरथर, उसळी, हेलकावा हे सहा शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही, कारण ती सहा वेगळी दुखणी आहेत. थरथर सेकंदाला दहा-पंधरा वेळा होते आणि तळव्यांत जाणवते. गचका एकदाच बसतो आणि मणक्यात पोचतो. उसळी सेकंदाला एक-दीड वेळा येते. हेलकावा आडवा असतो आणि तो डोक्याला कळतो.

माणूस चालताना सेकंदाला दीड-दोन पावलं टाकतो. त्या तालाची शरीराला जन्मापासून सवय आहे, म्हणून गाडीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा हलावं असं अभियंते बघतात. सेकंदाला चार ते आठ वेळा उभं हलणं शरीराला सर्वांत नकोसं होतं. त्या टप्प्यात पोट आणि कणा हादऱ्याला साद देऊ लागतात. पोटातलं पाणी हलतं ते इथे. उलट झोका फारच संथ झाला, पाच सेकंदांतून एकदा वगैरे, तर आपल्याला बोट लागते किंवा गाडी लागते. गाडी मऊ करत करत गेलं की आराम वाढतच जाईल ही समजूत इथेच कोसळते. फार मऊ गाडी ही नाव होते, आणि नावेत सगळ्यांचीच प्रकृती बरी राहत नाही.

आता एक साधा हिशेब. अमेरिकेतल्या अनेक सिमेंटच्या महामार्गांवर साधारण पंधरा फुटांवर सांधा असतो. ताशी ६० मैलांचा वेग म्हणजे सेकंदाला ८८ फूट. भागाकार करा: सेकंदाला जवळपास सहा सांधे. म्हणजे शरीराला जे सर्वांत नकोसं तेच रस्ता तासन्तास वाढत राहतो. आपल्याकडचे नवे सिमेंटचे रस्तेही साधारण साडेचार मीटरच्या फरशांचे असतात, तेव्हा हे गणित परदेशी समजू नये.

हे धक्के आधी टायरला भेटतात आणि मग स्प्रिंगला. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग, म्हणून लोकांना वाटतं की टायरची हवा कमी केली की गाडी मऊ होईल. ते थोडंसंच खरं आहे. अवजड गाडीचा टायर त्याच्यावरच्या पाट्यांच्या स्प्रिंगांपेक्षा बराच ताठ असतो. एक ताठ आणि एक मऊ अशा दोन स्प्रिंगा एकावर एक ठेवल्या तर एकूण झोका मऊ स्प्रिंगच ठरवते. टायर ८० वरून ७० वर आणला तर गाडीच्या उसळीत जवळजवळ काही फरक पडत नाही. सांध्यांच्या कडा तेवढ्या बोथट होतात, थरथर थोडी विरते. थरथरीवर हवा हा उपाय आहे. उसळीवर नाही, कारण उसळी आवरणं हे शॉकअपचं काम. हेलकाव्यावर तर मुळीच नाही. कमी हवेच्या टायरची कूस वाकते आणि हेलकावा वाढतो. तक्रार एका दुखण्याची आणि औषध दुसऱ्याचं, असं इथे सर्रास चालतं.

आणि टायरमधल्या हवेला आपण जी गादी समजतो, ती मुळात गादी नाही. ती खांब आहे. गाडीचं ओझं रबर जेमतेम पेलतं. पेलते ती कोंडलेली हवा. आमच्या त्या गाडीच्या मापाचा टायर, एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई, ८० पौंड हवेवर एकटा असेल तर १,२१५ किलो उचलतो आणि मागच्या जोडचाकात बसवला तर १,१२० किलो. हवा उतरवली की ही क्षमताही उतरते, आणि किती उतरते याचे तक्ते टायर कंपन्या छापतात. टायरच्या कुशीवर कोरलेला ८० चा आकडा हुकूम नव्हे. माझ्याकडून जास्तीत जास्त ओझं उचलून घ्यायचं असेल तर इतकी हवा द्या, एवढंच तो सांगतो.

या आकड्याभोवती दोन पंथ उभे राहिले आहेत. पहिला भीतीचा: कोरलेला आकडा सगळ्या चाकांत ठोकून भरा, फुटायला नको. आमचा भाडेवाला या पंथाचा. यात टायर सहसा फुटत नाही, पण पुढचं हलकं चाक चेंडूसारखं टणटणत जातं, रस्त्याला कमी टेकतं आणि घरातले स्क्रू ढिले करतं. युरोपात फियात दुकातोवर बांधलेल्या मोटरहोमवाल्यांची नित्याची तक्रार हीच असते. तिथे या गाड्यांसाठी "सीपी" खुणेचे खास टायर निघतात आणि मागच्या चाकांना ५.५ बार, म्हणजे ८० पौंडच, असा आकडा सांगितला जातो. दुसरा पंथ सुखवाद्यांचा: पाठ दुखते ना, दहा पौंड सोडा. पहिल्या पंथात मणका जातो, दुसऱ्यात कधीकधी माणूस.

दुसऱ्या पंथाचा इतिहास आठवावा असा आहे. फोर्डची एक्सप्लोरर ही उंच गाडी १९९० साली बाजारात आली. तिच्या फायरस्टोन टायरांत २६ पौंड हवा ठेवा अशी फोर्डची शिफारस होती. ती ठरवताना गाडी वळणात उलटू नये आणि चाल मऊ असावी असे दोन्ही विचार होते. फायरस्टोन नंतर ३० म्हणू लागली. ऑगस्ट २००० मध्ये, टायरचा वरचा पट्टा उलून गाड्या उलटण्याचे अपघात साचल्यावर, फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. त्या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंचा सरकारी आकडा अखेर २७१ झाला. दोष एकट्या हवेचा नव्हता. टायरच्या रचनेत खोट निघाली, त्यातही फायरस्टोनच्या डिकेटर इथल्या कारखान्यातला माल जास्त वाईट निघाला. पण हवा कमी, ओझं जास्त, ऊन कडक आणि वेग मोठा असे चौघे एकत्र आले की टायरची कूस दर फेरीला जास्त वाकते, वाकण्याची उष्णता होते आणि उष्णता खोट शोधून काढते. दोन्ही कंपन्यांचं जवळपास शंभर वर्षांचं नातं २००१ साली तुटलं. अमेरिकेने कायदा केला, आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. हलकी म्हणजे १०,००० पौंडांपर्यंतची. आमची मोटरहोम त्याच्या कितीतरी पुढची. ज्या गाडीला या इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज, ती सक्तीच्या बाहेर राहिली.

दुसरं प्रकरण थेट मोटरहोमचं आहे. गुडइयरचा जी-१५९ हा टायर मुळात शहरात माल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी बनला होता. सिग्नलला थांबत, गल्ल्यांतून जाणाऱ्या गाड्यांसाठी. १९९६ ते २००३ या काळात तो मोठ्या मोटरहोमवर बसवला गेला. अपघात झाले, खटले झाले, बरेचसे गुपचूप मिटले. एका कुटुंबाची मोटरहोम २००३ साली न्यू मेक्सिकोत टायर फुटून उलटली होती. त्या खटल्यात कंपनीने चाचण्यांचे कागद दडवल्याचं पुढे उघड झालं आणि त्याच्या दंडाचा वाद २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने दंडाची रक्कम नव्याने ठरवायला सांगितली, म्हणजे कंपनीला दिलासाच मिळाला. पण दडवलेल्या कागदांत काय होतं ते न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या निकालपत्रात नोंदलं गेलं: ताशी ५५ ते ६५ मैलांच्या वेगात हा टायर अवाजवी तापतो. महामार्गावर मोटरहोम ज्या वेगाने जाते तोच हा वेग.

जून २०२२ मध्ये कंपनीने असे सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत बोलावले, शेवटचा टायर बनल्यानंतर एकोणीस वर्षांनी. वाहन-सुरक्षा यंत्रणेच्या हिशेबात तोवर ८ मृत्यू आणि ६९ जखमी जमा होते. कंपनीचं म्हणणं शेवटपर्यंत एकच राहिलं: टायरमध्ये दोष नाही; हवा कमी ठेवली किंवा ओझं जास्त लादलं तरच धोका. हे वाक्य मी अनेकदा वाचलं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असेल. पण मोटरहोममध्ये कमी हवा आणि जास्त ओझं हा अपवाद नसतो, ती तिची रोजची स्थिती असते. संसार भरलेली गाडी कुणी तोलत नाही, वर्षातले दहा महिने ती अंगणात उभी राहते, त्या काळात हवा हळूहळू उतरते आणि मग एका शनिवारी सगळं कुटुंब तिच्यात बसून निघतं. ही रोजची स्थिती ज्या टायरला सोसत नाही तो मोटरहोमचा टायर नव्हे, मग त्याच्या कुशीवर काही का कोरलेलं असेना.

आता स्प्रिंगांकडे येतो, कारण वाचकांतले गाडीवाले एव्हाना चुळबुळत असतील.

आमच्या गाडीचा सांगाडा एका कंपनीचा, घर दुसरीचं. सांगाडा विकणाऱ्याला त्यावर काय उभं राहणार हे ठाऊक नसतं. त्याच सांगाड्याची शाळेची बस होते, रुग्णवाहिका होते, पार्सलची पेटीगाडी होते. म्हणून तो मागचे पाटे सर्वांत जड दिवसाचा विचार करून बसवतो. घर बांधणाऱ्याला पाट्यांत रस नसतो. त्याचं गिऱ्हाईक दुकानात ओट्याचा दगड आणि दूरदर्शन संचाची रुंदी पाहून भुलतं, रस्त्यावरच्या चालीवर नाही. घर एकाचं, गाडी दुसऱ्याची, आराम कुणाचाच नाही. दुःख याचं की मोटरहोमइतकी आरामासाठी सोपी गाडी दुसरी नसेल. मालट्रक जाताना भरलेला आणि येताना रिकामा असतो. एकाच पाट्याने दोन्ही कसं सांभाळावं हा त्याचा खरा पेच. मोटरहोम रिकामी कधीच नसते. फ्रिज, पलंग, जनरेटर घरी काढून ठेवता येत नाहीत. तिचं वजन जवळजवळ ठरलेलं असतं आणि त्या एका वजनाला नेमके पाटे बेतता आले असते. तसं सहसा कुणी बेतत नाही.

युरोपात याच रोगाचं दुसरं रूप दिसतं. साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येत असल्याने बांधणारे त्या आकड्याच्या आत गाडी कशीबशी बसवतात. मालकाने सायकली, तंबू, द्राक्षासवाच्या पेट्या भरल्या की मागचे पाटे इतके दबतात की अंग रबरी थांब्यांवरच टेकतं. मग स्प्रिंग उरतेच कुठे? गचका थेट अंगात. तिथे मदतीचे बलून बसवले की फरक डोळ्यांत भरण्याइतका पडतो, आणि मालकाला वाटतं बलूनने जादू केली. बलूनने दबलेल्या गाडीला चार बोटं उचललं, इतकंच. आणि बलून बसवला म्हणून गाडीची ओझं वाहायची ताकद आपोआप वाढत नाही. आस तोच, ब्रेक तेच, टायर तेच. कागद बदलायचे तर त्याची वेगळी तपासणी असते.

संपूर्ण एअर सस्पेन्शन ही मात्र वेगळी जात आहे. पाट्यांवर ओझं बदललं की झोक्याचा ताल बदलतो. हवेच्या स्प्रिंगमध्ये ओझ्याबरोबर हवा वाढवली की ताठपणाही वाढतो आणि ताल जवळपास तोच राहतो. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल मोटरहोम या स्प्रिंगांवर चालतात म्हणून त्यांची चाल बसची वाटते. मुंबई-पुणे शिवनेरीत बसून ज्यांना झोप लागली आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. पण त्याचा खर्च, वाल्व आणि गळती हे सगळं सांभाळायची तयारी हवी. जर्मनीतल्या एएल-केओ या कंपनीने निराळा मार्ग काढला: मालवाहू गाडीचा मागचा सांगाडाच काढून टाकायचा आणि घरासाठी बेतलेला, प्रत्येक चाक स्वतंत्र हलू देणारा सांगाडा जोडायचा. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो मालगाडीला घर म्हणायला नकार देतो.

या विषयाचा खरा गुरू मॉरिस ऑली. रोल्स-रॉइसमध्ये शिकलेला हा इंग्रज अभियंता १९३० साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकमध्ये गेला. त्याने एक मोटार अशी तयार केली की तिच्या दोन्ही टोकांची वजनं मागेपुढे सरकवता यावीत. मग वजनं हलवायची, गाडी चालवायची आणि आत बसलेल्यांना विचारायचं, कसं वाटलं. त्यातून त्याला उमगलं की खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, म्हणून मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा थोडी जलद झुलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सी-सॉसारखी न डोलता सपाट वर-खाली होते. १९३४ च्या कॅडिलॅकना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं त्यामागे हे काम होतं. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी वजन हलवून बघायचं, स्प्रिंगला नंतर हात लावायचा. नव्वद वर्षं होऊन गेली आणि आपण अजून उलटेच चाललो आहोत.

आयडाहोच्या त्या थांब्यावर मी मुलाला म्हटलं, गाडी काट्यावर घे. अमेरिकेत ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. १९७७ मध्ये सुरू झालेली ही साखळी आहे. गाडीचा पुढचा आस एका फळीवर येतो, मागचा दुसरीवर, आणि पावतीवर दोन्हींची वजनं वेगवेगळी मिळतात. थोडे डॉलर, पाच मिनिटं. मुलगा संकोचला, ट्रकवाल्यांच्या रांगेत सुट्टीवर निघालेलं घर. पावती आली. पुढचा आस मर्यादेच्या बराच खाली, मागचा मर्यादेच्या थोडा वर.

कारण आमच्या पलंगाखाली होतं. पाण्याची टाकी, ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. ती मागच्या आसाच्या सहा फूट मागे, आणि दोन आसांत अंतर साधारण अठरा फूट. तरफेचा साधा नियम लावा: हे दीडशे किलो मागच्या आसावर दोनशे किलो होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरचे पन्नास उचलतात. सुकाणू हलकं का लागत होतं, ट्रक शेजारून गेला की गाडी का वाहवत होती, पलंगावर एसटी का अवतरली होती, सगळ्याचं उत्तर त्या टाकीत होतं. वाहनाच्या आत तशी पाटीही होती. मोटरहोममध्ये माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल, आणि पूर्ण भरलेलं पाणी त्यातले किती किलो खातं, हे लिहिणं अमेरिकेत सक्तीचं आहे. कपाटाच्या दाराला चिकटवलेली ती पाटी आम्ही चौघांनीही वाचली नव्हती. मीसुद्धा.

आम्ही टाकी जवळजवळ रिकामी केली. पाणी यलोस्टोनलाही मिळतं. डब्याडुब्यांचं जड सामान मागच्या फडताळातून काढून दोन आसांच्या मधे आणलं. रात्र तिथेच काढली आणि पहाटे, टायर थंड असताना, पुढच्या चाकांतली हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत उतरवली. मागची ८० वरच ठेवली. पावती पाहता तिथे एक पौंडही सोडणं मूर्खपणा होता. थंड टायरचा आग्रह उगाच नाही. ३० अंशांच्या दुपारी भरलेली ८० पौंड हवा डोंगरातल्या शून्य अंशांच्या पहाटे साधारण नऊ पौंडांनी उतरलेली दिसते. उलट, तापलेल्या टायरची हवा वाढलेली पाहून ती सोडणं हा तर गाडीवाल्यांचा लाडका अपराध.

चमत्कार झाला नाही. सांध्यांची टकटक राहिली, कपाटाचं एक दार यलोस्टोनपर्यंत बडबडत होतं, आणि मागचे शॉकअप थकलेले होते त्यांचं आम्ही काही करू शकत नव्हतो. पण सुकाणू हाताला लागायला लागलं, ट्रक आला तरी गाडी आपली वाट सोडेना, आणि सौ. मागे जाऊन दुपारभर वाचत पडली. खर्च काट्याच्या पावतीपुरता.

इथे कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय. पण महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. आपल्याकडच्या अनेक कॅराव्हॅन फोर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधल्या जातात. ही ट्रॅव्हलर मुळात मर्सिडीजच्या मालवाहू-प्रवासी गाडीची लेक, बजाज टेम्पोच्या काळात भारतात नांदायला आलेली. म्हणजे इथेही सांगाडा एकाचा, घर दुसऱ्याचं. आणि रस्ता तिसऱ्याचा. गतिरोधक कसा असावा याचं भारतीय मापदंडातलं माप आहे: ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच. गावोगावी आपण जे ओलांडतो ते डांबराचे बांध पाहिले की या मापाची आठवण विनोदी वाटते. त्यावरून मागे लोंबता पलंग घेऊन जाणाऱ्या गाडीची कल्पना करा.

टायरबद्दलची आपली जागरूकताही विचित्र आहे. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले तेव्हा नाक्यावर टायर तपासायला सुरुवात झाली आणि घासलेल्या टायरांच्या गाड्यांना अडवलंही गेलं. चांगलंच झालं. पण घासलेला टायर डोळ्याला दिसतो. जास्तीचं ओझं आणि कमी हवा डोळ्याला दिसत नाही. पंक्चरवाला टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा सांगतो आणि आपण मान डोलावतो. नायट्रोजन भरा म्हणजे सगळं ठीक, असं सांगणारेही भेटतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा त्यावर वेळ दवडत नाही.

काट्याची आपल्याला नवलाई आहे असंही नाही. सांगली-कोल्हापूर-नगर पट्ट्यात दर हंगामात उसाची गाडी काट्यावर चढते, आणि त्या आकड्यात चार किलो इकडेतिकडे झाले असा संशय आला तरी शेतकरी भांडायला उभा राहतो. भांडावंच. तोच शेतकरी त्याच संध्याकाळी घरची तेरा माणसं, पाण्याचे कॅन आणि शिधा एका गाडीत घालून तुळजापूरला निघतो तेव्हा ती गाडी कुठल्याच काट्यावर जात नाही.

कॅराव्हॅन बांधणाऱ्यांकडून आणि त्यांना परवाने देणाऱ्यांकडून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक गाडीबरोबर, पाणी भरून आणि पलंगावर माणसं धरून केलेली, चारही कोपऱ्यांच्या वजनाची पावती द्या, आणि त्या वजनाला कुठल्या चाकात किती हवा हे दारावर मराठीत लिहा. आणि तुम्ही, वाचकहो, येत्या दिवाळीत कॅराव्हॅन भाड्याने घ्याल तेव्हा आतला फ्रिज उघडून बघण्याआधी मालकाकडे ती पावती मागा. नाही म्हणाला तर वाटेतल्या पहिल्या काट्यावर गाडी घाला, आणि टाकी अर्धीच भरा.